"स्वेच्छेने" मूल फॉस्टर केअरला दिलं, मग त्या मुलावर आणि त्या सहीवर लक्ष कोण ठेवतं?

दुभाषी_मनवा

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी इंग्लंडमध्ये दुभाषी म्हणून काम करते, मराठी आणि हिंदी. हॉस्पिटल, कोर्ट, काउन्सिल (म्हणजे इथली स्थानिक सरकारी संस्था, मुलांच्या देखभालीचं कामही तिच्याकडेच), जिथे बोलावतील तिथे जायचं. मागच्या महिन्यात एका काउन्सिलच्या सोशल वर्करबरोबर एका आईच्या घरी गेले होते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही, तपशील मुद्दाम बदललेत, पण घडलं ते असंच. आई एकटी, तब्येत बरी नाही, घरात दुसरं मोठं माणूस नाही, दोन लहान मुलं. सोशल वर्कर शांतपणे बोलत होती, आवाज चढवला नाही की काही नाही. तिने एक कागद पुढे केला, कलम २० चा, म्हणजे मुलं काही काळ फॉस्टर केअरमध्ये, काउन्सिलने ठरवलेल्या दुसऱ्या कुटुंबात, ठेवायला आईची हरकत नाही असा. मला म्हणाली, यांना सांगा की हे व्हॉलंटरी आहे. मी सांगितलं, "हे स्वेच्छेने आहे." तर आईने माझ्याकडेच बघून विचारलं, "आणि नाही म्हटलं तर?" मी ते इंग्रजीत केलं. उत्तर आलं की मग आम्हाला कोर्टात जायचा विचार करावा लागेल. ते मी मराठीत केलं. आई बराच वेळ गप्प. धाकट्याच्या स्वेटरचं वरचं बटण काढलं, परत लावलं, परत काढलं, परत लावलं. मग सही केली.

सही झाल्यावर म्हणाली, मग शनिवारी आणायला जाऊ का मी? तर सोशल वर्कर म्हणाली की बघू या आपण, कसं काय होतंय ते. हेही मी जसंच्या तसं मराठीत केलं कारण माझं काम तेवढंच. पण त्या दिवसापासून ते "स्वेच्छेने" डोक्यातून जात नाहीये, कारण तो शब्द तिच्यापर्यंत माझ्या तोंडून गेला.

माझा प्रश्न असा की कोर्टाने मूल काढून घेतलं तर तिथे जज असतो, वकील असतो, तारखा पडतात, कोणीतरी तिसरा माणूस बघत असतो. इथे आईनेच सही केली म्हणजे कागदावर कोणाचीच तक्रार नाही. मग सरकारी देखरेख असते तरी कोणाची? मुलं नीट आहेत ना यावर, आणि ती सही खरी होती का यावरही. असं किती दिवस ठेवता येतं? आई परत मागू शकते का? बाकीच्या देशांत काय करतात? मला त्या आईला सल्ला द्यायचा नाहीये, दुभाष्याला ते चालतही नाही. मी कशाचा भाग झाले एवढं मला समजून घ्यायचंय. जाणकारांनी प्लीज लिहा.

निळी_फाईल

मनवाताई, मी इथेच कुटुंब कायद्यात काम करतो, बहुतेक वेळा पालकांच्या बाजूने. मला माहीत आहे तेवढं सांगतो, त्या केसबद्दल नाही, एकूण कायद्याबद्दल.

कलम २० म्हणजे चिल्ड्रन ॲक्ट १९८९ मधलं. मूळ हेतू चांगला होता. आईबाप आजारी पडले, अडचणीत आले तर काउन्सिलने मुलांची राहायची सोय करावी, त्यासाठी आईबापांना कोर्टात खेचू नये. यात पालकत्वाचे सगळे अधिकार आईबापांकडेच राहतात, काउन्सिलला त्यातला एकही मिळत नाही. आणि पोटकलम ८ अगदी सरळ आहे, पालकाला मूल तिथून केव्हाही नेता येतं. नोटीस नको, कारण नको, परवानगी नको. म्हणजे "शनिवारी आणायला जाऊ का" याचं कायद्यातलं उत्तर "हो" असं आहे. मुलाला खरंच धोका आहे असं काउन्सिलला वाटलं तर त्यांनी कोर्टाकडून तातडीचा आदेश आणायचा, किंवा पोलिसांना ७२ तासांपर्यंत मूल संरक्षणात ठेवता येतं. पण तो वेगळा रस्ता आहे आणि त्याला पुरावा लागतो. "बघू या" हे काही कायद्यातलं उत्तर नाही.

आता देखरेख. कलम २० खाली ठेवलेलं मूलही काउन्सिलच्या देखभालीतलं मूलच धरतात, त्यामुळे २०१० चे नियम त्यालाही लागू. सोशल वर्करने पहिल्या आठवड्यात भेटायचं, मग पहिल्या वर्षी निदान दर सहा आठवड्यांनी. पहिला आढावा २० कामाच्या दिवसांत, दुसरा त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, पुढे दर सहा महिन्यांनी. आढावा घेणारा अधिकारी वेगळा असतो, त्याला आयआरओ म्हणतात, मुलाच्या केसचा रोजचा कारभार त्याच्याकडे नसतो आणि काउन्सिलचं वागणं त्याला पटलं नाही तर तो प्रकरण काउन्सिलच्या बाहेर नेऊ शकतो. पण त्याचा पगार त्याच काउन्सिलकडून येतो, हे मला कायम खटकत आलंय.

आता ज्यावरून आमचा रोज वाद होतो ते. कोर्टात केस असली तर २०१४ पासून २६ आठवड्यांत निकाल लावायचं बंधन आहे आणि आईबापांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. मूल काढून घ्यायचं तर मुलाला गंभीर इजा झालीय किंवा होण्याची शक्यता आहे हे जजला पटवावं लागतं. कलम २० मध्ये यातलं काहीच नाही. जज नाही, सही करायच्या आधी शेजारी वकील असेलच असं नाही, आणि मुदत तर नाहीच. मुलाच्या भेटी होतात, आढावे होतात, म्हणजे मुलावर लक्ष असतं असं म्हणता येईल. सहीवर कोणाचंच नसतं.

आणि जजनी हे पाहिलेलं आहे. २०१२ मध्ये कॉव्हेंट्रीच्या एका प्रकरणात बाळंतपणानंतर मोठं ऑपरेशन झालेल्या, मॉर्फिनवर असलेल्या आईची संमती त्याच दिवशी घेऊन बाळ नेलं होतं, आधी ती नाही म्हणाली होती तरी. जजनी तेव्हा बजावून ठेवलं की आईला समजण्याची क्षमता आहे का, तिला सगळी माहिती दिलीय का, आणि आत्ताच्या आत्ता नेणं खरंच गरजेचं आहे का, हे सोशल वर्करने आधी स्वतःला विचारायचं.

मग २०१५. अपील कोर्टात जज सर जेम्स मन्बी यांनी कलम २० च्या गैरवापरावर कडक लिहिलं. करार लेखी हवा, त्या पालकाला कळेल अशा सोप्या भाषेत हवा, मूल केव्हाही परत नेता येतं हे त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. आणि ताई, हे खास तुमच्यासाठी: पालकाला इंग्रजी नीट येत नसेल तर कागद त्याच्या भाषेत भाषांतर करून द्यायचा, सही त्या भाषांतरावर घ्यायची, आणि पालकाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भाषेत लिहायचं की मी हे वाचलं आणि मला मान्य आहे.

तुमच्या समोर कागद मराठीत होता का?

दुभाषी_मनवा

नाही. इंग्रजीत होता. मी तोंडी वाचून दाखवला, सोशल वर्कर एकेक ओळ म्हणत होती आणि मी मागून. केव्हाही परत नेता येतं अशी ओळ ऐकल्याचं मला आठवत नाही. असती तर मी बोलले असते, म्हणजे भाषांतर केलंच असतं. सही इंग्रजी कागदावर.

निळी_फाईल

मग एक गोष्ट आताच सांगून ठेवतो म्हणजे चुकीची आशा लागायला नको. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने हॅकनीच्या, म्हणजे लंडनमधल्या एका काउन्सिलच्या, खटल्यात म्हटलं की कलम २० मध्ये संमती हा शब्द मुळात नाहीच, पालक आपली जबाबदारी पार पाडण्याचं काम काही काळ काउन्सिलकडे सोपवतो असं ते आहे. त्या खटल्यात आठ मुलं होती आणि परत न्यायचा हक्क आईबापांना नीट सांगितलेला नव्हता, तरी आईबाप हरले, कारण त्यांनी उघड हरकत घेऊन मुलं मागितली असं दिसलं नाही. मन्बींच्या सूचना ही चांगली पद्धत आहे, त्या पाळायलाच हव्यात, पण नुसत्या त्या पाळल्या नाहीत म्हणून सगळं बेकायदा ठरतं असं नाही. याचा व्यवहारात अर्थ एवढाच की हरकत असेल तर ती तोंड उघडून सांगावी लागते, लेखी सांगितली तर उत्तम. आणि ज्या आईला इंग्रजी येत नाही ती ती हरकत दुभाष्याच्या तोंडूनच सांगणार.

फॅमिली राइट्स ग्रुप नावाची संस्था आहे, इंग्लंडमधल्या पालकांना याच विषयात फुकट सल्ला देते. कोणाला गरज असेल तर लक्षात ठेवा.

ओसरी

मी फॉस्टर केअरर आहे, नऊ वर्षं झाली. वरचं सगळं वाचलं आणि खरं सांगते, थोडी घाबरले की आता वाचणाऱ्यांना वाटेल कलम २० म्हणजे सापळाच. तसं नाहीये हो. माझ्याकडे दोन भावंडं आली होती, आईचं मोठं ऑपरेशन, बाप नाही, नातेवाईक दुसऱ्या देशात. त्या आईने स्वतः काउन्सिलला फोन केला होता. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर ती मुलांना गोष्ट वाचून दाखवायची, हॉस्पिटलच्या कॉटवरून, मधे मधे नर्स यायची. पाच आठवड्यांनी मुलं घरी गेली. कोर्ट नाही, वकील नाही, मुलांच्या नावावर केस नाही. दर वेळी जज मधे आणला असता तर त्या बाईने फोनच केला नसता, आजारपण अंगावर काढलं असतं आणि मुलांचे हाल झाले असते. मदत मागितली तर मूल जाईल ही भीती आईबापांच्या मनात आधीच घट्ट बसलेली असते, तिला अजून खतपाणी नको.

देखरेखीचं म्हणाल तर माझ्या घरी सोशल वर्कर येते तेव्हा मुलाशी एकटीने बोलते, मी बाहेर थांबते, त्याची झोपायची खोली बघते. हे मला कधी अपमानाचं वाटलं नाही. मूल परक्या घरात आहे, बघायलाच पाहिजे.

पण मनवा, तुझा मुद्दा मला दुसऱ्या एका मुलाच्या वेळी कळला. तोही कलम २० वरच आलेला, थोड्या दिवसांसाठी म्हणून. कलम २० मध्ये सगळे हक्क आईकडे असतात त्यामुळे साधे केस कापायचे तरी आईला विचारायला लागतं, कुठल्या गोष्टी मी ठरवायच्या आणि कुठल्या तिने याचा एक कागद असतो. तर त्याचे केस कपाळावरून डोळ्यात यायला लागले, मी सोशल वर्करला मेसेज केला की आईला विचारा. उत्तर नाही. परत केला. दीड महिना गेला, तो मुलगा फळ्यावरचं वाचताना मान तिरकी करायचा. शेवटी भेटीच्या दिवशी मी आईलाच विचारलं तर ती चकित, म्हणाली मला कोणी विचारलंच नाही, मला वाटलं आता तुम्हीच ठरवता सगळं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की अजून आईच ती आहे. हक्क होते सगळे तिच्याकडे, कागदावर. मी त्यानंतर एक नियम केलाय, कोणतंही मूल कलम २० वर आलं की पहिल्या भेटीतच आईला विचारते, केस कसे आवडतात तुम्हाला याचे. बाकीचं बोलणं मग आपोआप सुरू होतं.

सातवी_बाक

ओसरीताईंशी बऱ्यापैकी सहमत, पण जज नको हे पटलं नाही. अमेरिकेतलं सांगतो, इथे बालकल्याणाच्या कामात आहे. स्वेच्छेच्या कराराला इथे निदान घड्याळ तरी बांधलेलं आहे. १९८० च्या केंद्रीय कायद्यात अशी तरतूद आली की पालकाने करार करून मूल फॉस्टर केअरमध्ये ठेवलं तर ठीक, पण १८० दिवसांच्या आत कोर्टाने बघून ठरवायला हवं की मूल तिथे राहणं त्याच्या हिताचं आहे, नाहीतर त्यापुढे त्या मुलासाठी राज्याला केंद्राचे पैसे मिळणार नाहीत. पालकाने करार रद्द करून मूल परत मागितलं तर एजन्सीला द्यावं लागतं, नाहीतर कोर्टाकडून आदेश आणावा लागतो. यातली खरी ताकद पैशात आहे असं माझं मत. नुसता हक्क लिहून ठेवला तर कागदावर राहतो, निधी अडला की तारखा आपोआप लक्षात राहतात. सुरुवातीला जज नको, मान्य. पण ठरावीक दिवसांनी बाहेरच्या कोणीतरी फाईल उघडून विचारायलाच हवं की हे अजून स्वेच्छेने चाललंय का.

आणि ही शंका आजची नाही बरं का. १९७७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे न्यूयॉर्कच्या फॉस्टर केअरचा खटला आला होता, तिथली बहुसंख्य मुलं कागदोपत्री स्वेच्छेने दिलेली होती, आणि निकालातच नोंद आहे की त्यातल्या बऱ्याच "स्वेच्छा" कारवाईच्या धाकाने आलेल्या असतात असं अभ्यासक म्हणतात. मनवाताईंनी भाषांतर केलेलं ते वाक्य, कोर्टात जायचा विचार करावा लागेल, तेच.

आता वाईट बाजू. पैशाची दोरी आहे म्हणून काही ठिकाणी करारच करत नाहीत. सोशल वर्कर घरी जातो, म्हणतो मूल काही दिवस आजीकडे ठेवा नाहीतर आम्हाला कोर्टात जावं लागेल, आईबाप ठेवतात, एका कागदावर सही होते त्याला सेफ्टी प्लॅन म्हणतात. केस नाही, वकील नाही, आजीला फॉस्टर केअररला मिळतो तो भत्ता नाही, आणि सरकारी आकड्यांत ते मूल कुठेच नाही. अभ्यासक याला लपलेलं फॉस्टर केअर म्हणतात. माझ्या मते देखरेखीतलं सगळ्यात मोठं भोक हेच आहे, कारण आधी मूल मोजलेलं तर हवं, मग त्याच्यावर लक्ष.

अजून एक, यात कोणाचा छळ नाही, हलगर्जी नाही, तरी काळीज तुटतं. ज्यांच्या मुलाला गंभीर मानसिक आजार आहे आणि उपचार परवडत नाहीत असे पालक मूल सरकारच्या ताब्यात देतात, कारण ताब्यात दिलं तरच उपचार मिळतात. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाचा २००३ चा अहवाल आहे, त्यात २००१ च्या आर्थिक वर्षात १२,७०० हून जास्त मुलं अशी दिली गेल्याचा अंदाज आहे, आणि तोही सगळ्या राज्यांचा नाही, कित्येकांनी आकडेच दिले नाहीत. काही वेळा आईबापांनी मूल "सोडलं" असं त्या फाईलवर लिहिलेलं असतं.

उंबरठा

मी भारतात बाल कल्याण समितीबरोबर काही वर्षं काम केलंय म्हणून लिहिते, कारण इथे लोक दोन गोष्टींची हमखास गल्लत करतात. बाल न्याय कायदा २०१५, त्यातलं कलम ३५ म्हणजे मूल समर्पित करणं, पालक कायमचं देतात. त्यात समितीने आधी समुपदेशन करायचं, चौकशी करायची, आणि सही झाल्यावरही फेरविचाराला दोन महिने द्यायचे. कलम ४४ म्हणजे फॉस्टर केअर, प्रतिपालन, तात्पुरतं. ते समितीच्या आदेशाने होतं, फॉस्टर कुटुंबाला समितीने दर महिन्याला भेट देऊन मूल बरं आहे ना बघायचं, आणि जन्मदात्या आईबापांना मुलाला भेटू द्यायचं, ते मुलाच्या हिताचं नसेल तरच नाही म्हणायचं.

कागदावर हे इंग्लंडच्या सहा आठवड्यांपेक्षा कडक दिसतं. पण समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांच्याकडे हरवलेली मुलं, बालकामगार, अत्याचाराच्या केसेस, सगळंच येतं. दर महिन्याला प्रत्येक घर म्हणजे हाताशी माणसं हवीत आणि गाडी हवी. मी पाहिलेल्या काही भेटींच्या फॉर्मवर महिनोन्महिने तेच वाक्य होतं, अक्षरही तेच, "मूल समाधानी आहे". मुलाच्या तोंडचं एकही वाक्य नाही. मी नंतर फॉर्ममध्ये एक ओळ हाताने वाढवायला लावली होती, मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत लिहा. पहिल्याच महिन्यात एका मुलीने सांगितलं, आई दर रविवारी येणार होती, तीन रविवार आली नाही. चौकशी केली तर आईला भेटीचा बदललेला पत्ता कोणी दिलाच नव्हता.

म्हणून मला १८० दिवस की महिना यापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की भेटीत काय विचारलं आणि आईला विचारलं का. समर्पणात दोन महिने फेरविचाराला मिळतात कारण कायद्यानेच मान्य केलंय की त्या घडीची सही आणि नंतरचं मन वेगळं असू शकतं. तात्पुरत्या ठेवण्यात ते कोणी धरतच नाही, तात्पुरतंच तर आहे म्हणतात.

वाचतोय_फक्त

खूप शिकायला मिळतंय. एक शंका, आईबापांनी स्वतःच परस्पर ओळखीच्यांकडे मूल ठेवलं, सरकार मधे नाहीच, तर?

निळी_फाईल

इंग्लंडमध्ये त्याला प्रायव्हेट फॉस्टरिंग म्हणतात. १६ वर्षांखालचं मूल २८ दिवस किंवा जास्त जवळचा नातेवाईक नसलेल्याकडे राहणार असेल तर काउन्सिलला कळवावंच लागतं आणि काउन्सिलने जाऊन बघायचं असतं. आजी-आजोबा, काका-मामा, मावशी-आत्या, सख्खी किंवा सावत्र भावंडं, सावत्र आईबाप हे जवळचे धरतात. आईची किंवा बापाची मावशी-आत्या त्यात बसत नाही.

हे इतकं बारकाईने सांगतोय कारण व्हिक्टोरिया क्लिंबी. आयव्हरी कोस्टमधली मुलगी, आईबापांनी चांगल्या शिक्षणासाठी विश्वासाने बापाच्या आत्याबरोबर पाठवली, त्यांनीही स्वेच्छेनेच दिली होती. २००० साली लंडनमध्ये छळ होऊन वारली, आठ वर्षांची होती. सोशल सर्व्हिसेस, पोलिस, हॉस्पिटल, सगळ्यांच्या नजरेसमोरून गेलेली मुलगी, पण ती या घरात कोणाच्या अधिकाराने आहे हे कोणी धड विचारलं नाही. लॉर्ड लॅमिंग यांचा चौकशी अहवाल २००३ मध्ये आला आणि २००४ च्या चिल्ड्रन ॲक्टमध्ये प्रायव्हेट फॉस्टरिंगची सूचना आणि तपासणी घट्ट केली. मूल कोणी काढून घेतलेलं नाही, आईबापांनीच दिलंय, एवढ्यावर यंत्रणा निर्धास्त होते, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

रिकामी_फ्रेम

मी सहसा लिहीत नाही. मी ते मूल होतो. अकराव्या वर्षी कलम २० वर गेलो, उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं असं सांगितलं होतं. चार वर्षं राहिलो. वाईट घर नव्हतं, कोणी मारलं नाही, जेवणखाण शाळा सगळं नीट. दर सहा महिन्यांनी आढावा व्हायचा, टेबलाभोवती सहा-सात मोठी माणसं आणि मी. आयआरओ तीनदा बदलले. प्रत्येक नवा माणूस विचारायचा तू इथे खूश आहेस ना, आणि फॉस्टर आई शेजारीच बसलेली असायची, मी काय सांगणार, हो म्हणायचो. ते हो चार वर्षं फाईलमध्ये जमत गेलं.

आईला त्या मिटिंगमध्ये मी दोनदाच पाहिलं. मोठा झाल्यावर फाईल मागवली, तर त्यात एका ठिकाणी होतं की आईने सहाव्या महिन्यात फोन करून विचारलं होतं, मुलगा कधी येणार. त्यापुढे लिहिलंय, आईला सांगितलं की पुढच्या आढाव्यात चर्चा करू. बस. ती मागतच होती मला, पण मागणं कसं मांडायचं ते तिला माहीत नव्हतं. मला चार वर्षं वाटत होतं तिने विचारलंच नाही. आता निळी_फाईल यांनी हॅकनीच्या निकालाबद्दल लिहिलंय, हरकत उघड घ्यावी लागते, ते वाचून काल रात्री झोप लागली नाही.

देखरेख नव्हती असं मी म्हणूच शकत नाही, माझ्यावर भरपूर लक्ष होतं. फक्त कधीही कोणी असं विचारलं नाही की हा मुलगा अजून इथे का आहे.

सातवी_बाक

मित्रा, लिहिलंस हे फार मोठं केलंस. संयुक्त राष्ट्रांची पर्यायी देखभालीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २००९ ची, त्यात तात्पुरत्या देखभालीतल्या मुलाचा आढावा शक्यतो निदान दर तीन महिन्यांनी घ्यायला सांगितलंय आणि त्यात हेही बघायचं की हे ठेवणं अजून गरजेचं आणि योग्य आहे का. तुझाच प्रश्न तो. आणि नुसत्या गरिबीमुळे मूल कधीही आईबापांपासून वेगळं होता कामा नये असंही तिथे आहे. तुझ्या फाईलमधल्या त्या ओळीला कोणीतरी तेव्हाच हरकत समजायला हवं होतं. "कधी येणार" म्हणजे परत द्या असंच असतं की.

ओसरी

रिकामी_फ्रेम, आईशी आता बोलणं होतं का रे? उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

रिकामी_फ्रेम

होतं. फाईलचं ते पान तिला दाखवलं. तिला फोनची तारीखही पाठ होती.

दुभाषी_मनवा

सगळ्यांचे मनापासून आभार. रिकामी_फ्रेम, तुमचं लिहिणं वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते.

काय केलं ते सांगते. ज्या एजन्सीतर्फे मला काम मिळतं त्यांना मी लेखी कळवलं, केस न सांगता, की कलम २० च्या कागदाचं नुसतं तोंडी भाषांतर करायला बोलावू नये, आधी लेखी भाषांतर करायला वेळ द्यावा, आणि २०१५ च्या निकालाचा उल्लेख केला. त्यांनी तो काउन्सिलकडे पाठवलाय. त्या दिवसाच्या माझ्या कामाच्या नोंदीत आईचा "शनिवारी आणायला जाऊ का" हा प्रश्न मी शब्दशः लिहिला होता तोही कळवला, कारण सातवी_बाक म्हणतात तसं तो प्रश्न म्हणजे मागणंच होतं आणि कुठेतरी नोंदवलेला असावा. त्याचं पुढे काय होईल ते मला कळणार नाही, आमच्या कामात ते कळवत नाहीत.

आता एक मदत हवीय. मी स्वतःसाठी मराठी मसुदा करून ठेवतेय म्हणजे परत अशी वेळ आली तर शब्द शोधत बसायला नको. राहण्याची सोय असं लिहिलं तर वसतिगृहासारखं वाटतं, म्हणून "मुलं दुसऱ्या कुटुंबाच्या घरी राहतील" असं सरळ केलंय. संमती हा शब्द काढून "सोपवते" घेतलाय. अडलंय ते त्या सगळ्यात महत्त्वाच्या ओळीवर. मी लिहिलं होतं, "तुम्ही मुलांना कधीही परत नेऊ शकता." मोठ्याने वाचून बघितलं तर शेवट नीट ऐकू आला नाही तर "कधीही परत नेऊ शकत नाही" असं वाटू शकतं. घाबरलेल्या माणसाला तर तसंच ऐकू येणार.

उंबरठा

कधीही काढूनच टाक. "ज्या दिवशी तुम्हाला वाटेल त्या दिवशी, कोणाचीही परवानगी न घेता, तुम्ही मुलांना घरी आणू शकता." नेऊ नको, आणू लिही, घर तिचं आहे. लांब झालं तरी चालेल.

निळी_फाईल

बरोबर. आणि त्याखाली आणखी एक ओळ घाला, "मुलं परत हवी आहेत असं मी या क्रमांकावर सांगेन", पुढे नंबरासाठी जागा. वेगळं पान नको, त्याच पानावर, सहीच्या वर.

दुभाषी_मनवा

घातलं. सहीच्या वर.